बाहेरून न लागलेली कडी : साक्री तालुक्यातील एका भक्तिचित्राचे प्रकरण

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याच्या पश्चिम भागात राहणाऱ्या एका ख्रिस्ती शेतकरी कुटुंबाने घरातील जुने, ओल लागून पोपडे धरलेले छापील चित्र उतरवून त्याच विषयाचे नवे चित्र हाताने रंगवून घ्यायचे ठरवले आणि ते काम आपल्याच मंडळीतील, म्हणजे चर्चमधील, एका निवृत्त चित्रकला शिक्षकांकडे सोपवले. काम नकलेचे होते, निदान सांगितले गेले ते तसेच. प्रत्यक्षात ते पावसाळ्याच्या तोंडाशी सुरू होऊन नाताळाच्या आधी कसेबसे संपले, कारण मूळ चित्रातील चिन्हे त्या घराच्या दाराशी आणून ठेवली की एकेक करून निराळेच बोलू लागली. भक्तिचित्रातील चिन्ह कोणाच्या श्रद्धेवर उभे असते, चित्रकाराच्या, मंडळीच्या की रोज त्याच्यासमोर हात जोडणाऱ्या माणसाच्या, हा प्रश्न या एका घरात फार स्पष्टपणे पुढे आला, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिले आहे. संबंधितांची नावे आणि गाव दिलेले नाही.

मूळ चित्र

छापील चित्र कंदील हाती घेऊन बंद दारावर थाप मारणाऱ्या ख्रिस्ताचे होते. ही कल्पना जगभर पोहोचली ती इंग्रज चित्रकार विल्यम होल्मन हंट यांच्या ‘जगाचा प्रकाश’ या चित्रामुळे. हंट यांनी ते प्रामुख्याने १८५१ ते १८५३ या काळात रंगवले आणि त्यासाठी इंग्लंडमधील सरे परगण्यातील एका फळबागेत रात्री चांदण्यात बसून काम केले. बायबलमधील प्रकटीकरण या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातील विसावे वचन हा त्याचा आधार आहे: मी दाराशी उभा राहून ठोकतो आहे, कोणी माझी वाणी ऐकून दार उघडले तर मी आत येऊन त्याच्याबरोबर जेवीन, असा त्याचा आशय. चित्रातील दाराला बाहेरून मूठ नाही, म्हणजे ते आतूनच उघडता येते. दारावर वेल चढली आहे, उंबऱ्याशी वाळके तण माजले आहे, लोखंडी पट्ट्या आणि खिळे गंजले आहेत. म्हणजे हे दार कधी उघडलेलेच नाही. खाली सफरचंदे पडली आहेत, वर वटवाघूळ आहे, आणि ख्रिस्ताच्या डोक्यावर काट्यांचा मुकुट सोन्याच्या मुकुटात गुंफलेला आहे.

हे चित्र १८५४ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत मांडले गेले तेव्हा पाहणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना त्याचा अर्थ लागला नाही, आणि कलासमीक्षक जॉन रस्किन यांना ‘टाइम्स’ वर्तमानपत्रात पत्र लिहून तण, गंज आणि बंद दार यांचा खुलासा करावा लागला. ज्या समाजात चित्र घडले त्याच समाजाला ते समजावून सांगावे लागले, ही गोष्ट पुढच्या हकिकतीसाठी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मूळ चित्र ऑक्सफर्डच्या केबल कॉलेजात आहे. उतारवयात हंट यांनी सहकाऱ्याच्या मदतीने केलेली त्याची मोठी आवृत्ती १९०५ ते १९०७ या काळात कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका अशी फिरली आणि नंतर लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये गेली. छापील प्रतींमुळे ही कल्पना दूरवरच्या घरांत शिरली. पुढे अमेरिकेतील वॉर्नर सॉलमन यांनी १९४२ मध्ये याच कल्पनेवर स्वतःचे चित्र केले आणि त्याच्याही प्रती अमाप निघाल्या. साक्रीच्या घरातील कॅलेंडरी चित्रावर कोणाचेही नाव नव्हते. त्यातला गोरा, तपकिरी केसांचा चेहरा सॉलमनच्या वळणाचा होता आणि दार युरोपातल्या कुठल्याशा बंगल्याचे.

घर आणि मंडळी

पश्चिम खानदेशातील बरीचशी ख्रिस्ती मंडळी स्वीडिश मिशनऱ्यांच्या कामातून उभी राहिली, आणि त्यांची प्रार्थनामंदिरे आजही साधी असतात: पांढरी भिंत, तिच्यावर रंगवलेले एखादे वचन, पुढे लाकडी क्रूस. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावातील कॅथलिक देवळात मरियेची मूर्ती आणि क्रूसाच्या वाटेची चौदा दृश्ये दिसतात, तसे इकडे काही नसते. मूर्ती करून तिची पूजा करू नये ही बायबलमधील दुसरी आज्ञा येथे गांभीर्याने घेतली जाते. घरात मात्र चित्र चालते, वधस्तंभापासून मेंढपाळापर्यंत, बहुधा कॅलेंडरच्या रूपाने. देवळात नाही पण घरात आहे, ही तडजोड कोणी लिहून ठेवलेली नाही, आणि त्यामुळेच तिच्याबद्दल कोणी प्रश्नही विचारीत नाही. हाताने रंगवलेले, अडीच फूट बाय साडेतीन फुटांचे चित्र होणार असे कळल्यावर मात्र पंचकमिटीतील एका ज्येष्ठांनी तो विचारला. कॅलेंडर वर्ष संपले की उतरते, हे उतरणार नाही, त्याची पूजा सुरू होईल, असे त्यांचे म्हणणे होते.

घरातील चौघांच्या अपेक्षा चार. माय सत्तरीच्या पुढच्या, विधवा, अक्षरओळख नसलेल्या. संध्याकाळी त्या याच चित्रासमोर बसून प्रार्थना करीत. मुलगा एस.टी.त वाहक. त्याला नवे चित्र ओसरीवर, रस्त्यावरून दिसेल असे लावायचे होते. सून अंगणवाडी सेविका आणि तिची अट एकच होती, चेहरा ओळखीचा राहावा. नातवाला फोनवर पाहिलेले माशाचे ख्रिस्ती चिन्ह कुठेतरी हवे होते.

गुरुजींनी एकच बदल सुचवला आणि सगळे त्यातून सुरू झाले. बंगल्याच्या दाराऐवजी याच घराचे दार रंगवू, असे ते म्हणाले. घर जुन्या धाब्याचे, दार सागवानी, दोन फळ्यांचे, मध्ये पितळी फुल्या, आणि बाहेरच्या बाजूला वर अडकवायची लोखंडी साखळीची कडी.

कडीचा प्रश्न

पहिल्या रेखाटनात त्यांनी हंट यांच्याप्रमाणे दार बाहेरून कोरे ठेवले. कडी नाही, कोयंडा नाही. घरी दाखवायला आणल्यावर शेजारचा एक शेतकरी ते पाहून सहज म्हणाला की गुरुजी कडी काढायची विसरले. कोणीही तसेच म्हटले असते. खानदेशातल्या खेड्यात दाराला बाहेरून कडी असतेच, कारण घरातली सगळी माणसे दिवसा शेतात असतात. कडी नसलेले दार म्हणजे सुताराचे अर्धवट काम. जी अनुपस्थिती लंडनमध्ये अर्थ सांगत होती ती इथे चूक ठरत होती, आणि खुलाशाचे पत्र लिहायला इथे कोणी रस्किन नव्हते.

गुरुजींनी यावर काढलेला तोडगा या सबंध प्रकरणातील सर्वांत मोलाची गोष्ट आहे असे मला वाटते. त्यांनी कडी रंगवली, पण लावलेली नाही. साखळी कोयंड्यातून सुटून फळीवर सरळ लोंबते आहे आणि तिच्या शेवटच्या कड्याने वर्षानुवर्षे घासून लाकडावर अर्धवर्तुळाकार ओरखडा पाडला आहे. हा ओरखडा त्या घराच्या दारावर खरोखर आहे. खेड्यातल्या कोणालाही याचा अर्थ सांगावा लागत नाही: बाहेरची कडी सुटलेली आहे आणि दार तरी बंद आहे, म्हणजे घरात माणूस आहे आणि त्याने आतून अडसर घातला आहे. हंट यांनी जे मूठ वगळून सांगितले ते गुरुजींनी कडी दाखवून सांगितले, आणि त्यात आणखी एक गोष्ट आपोआप आली. मूठ नसलेल्या दारामागे कोणी आहे की नाही हे कळत नाही. सुटलेल्या कडीमागे कोणीतरी नक्की आहे.

यानंतर तणाचा विषय निघाला. गुरुजींनी उंबऱ्याशी टाकळा आणि गोखरू काढले होते, दोन्ही पावसाळ्यात पडक्या घरापुढे माजणारी. मायने ते पाहिले आणि ती दुखावली. “मना आंगनमा गवत कसाले दखाडतस गुरुजी? मी रोज झाडस.” दार तिचे, अंगण तिचे, तेव्हा तण हा तिच्यावरचा आरोप झाला. चिन्हाचा कोश उघडून तिला समजावता आले असते की हे तण आत्म्याच्या आळसाचे आहे, पण तसे समजावणे म्हणजे तिच्या आयुष्यभराच्या झाडलोटीपेक्षा एका परक्या बागेतल्या तणाला मोठे मानणे होते. गुरुजींनी तण पुसले आणि अंगण शेणाने सारवलेले, झाडूच्या रेघा उमटलेले असे रंगवले. मग त्यांनीच मला लूकच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायातला तो दाखला आठवून दिला, ज्यात अशुद्ध आत्मा परत येतो तेव्हा घर झाडलेले आणि नीटनेटके केलेले सापडते. झाडलेल्या अंगणापुढचे बंद दार हे तणापुढच्या दारापेक्षा सौम्य नाही. उलट ते अधिक टोचते, कारण त्यात घरधन्याला आळसाची सबबही उरत नाही.

पाहणाऱ्याचे अंग चित्रात उतरले की चिन्हाला खुलासा लागत नाही, याचे युरोपातील ठळक उदाहरण म्हणजे जर्मन चित्रकार ग्रुनेवाल्ड यांनी १५१२ ते १५१६ या काळात इझेनहाइमच्या मठासाठी केलेले वेदीचित्र, जे आता फ्रान्समधील कोलमार येथे आहे. त्या मठात ‘संत अँथनीचा अग्नी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रोगाचे रुग्ण सांभाळले जात. बुरशी लागलेल्या राय धान्याच्या भाकरीतून तो रोग होई आणि हातपाय जळल्यासारखे होऊन झडत. वधस्तंभावरील ख्रिस्ताचे शरीर तेथे फोडांनी भरलेले आहे. त्याच चित्रात पायाशी क्रूस धरलेले कोकरू आहे, त्याचे रक्त प्याल्यात पडते आहे, आणि त्याचा अर्थ धर्मशिक्षण घेतलेल्यालाच लागतो. फोडांचा अर्थ रुग्णाला कातडीवरूनच कळत असणार. भक्तिचित्रांत दोन्ही प्रकारची चिन्हे असतात. आपल्या रक्ताने पिलांना पाजणारा पाणकोळी, अविनाशी मांसाचा म्हणून मानलेला मोर, मासा, द्राक्षवेल ही पहिल्या प्रकारची, शिकून घ्यायची. ती वाईट नसतात, पण श्रद्धेला त्यांच्यापर्यंत चालत जावे लागते.

गणेशपट्टी आणि चेहरा

दाराच्या चौकटीवर जुनी कोरीव गणेशपट्टी आहे. कुटुंब दोन पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झाले, घर त्याही आधीचे. पट्टी कोणी काढली नाही आणि तिला कोणी हळदकुंकूही लावीत नाही. वाळवीच्या औषधाचा हात फिरतो तेव्हा तिच्यावरूनही फिरतो, एवढाच तिचा संबंध उरला आहे. घराचे दार जसेच्या तसे रंगवायचे तर पट्टी येणार. नातवाचे म्हणणे होते की तेथे मासा कोरलेला दाखवा. गुरुजींनी साफ नकार दिला. गणपतीच्या जागी मासा आणला की चित्र दारावरच्या थापेविषयी राहत नाही, ते नातलगांशी भांडण होते, आणि गावातले निम्मे नातलग अजून कानबाई या खानदेशी लोकदेवतेचे रोट करणारे आहेत.

त्यांनी चित्राची वरची कड पट्टीच्या खाली आणून तो भागच चौकटीबाहेर ठेवला. पंचांना हे पटले, घराला पटले. मला ते पूर्ण पटलेले नाही. शेजाऱ्यांना न दुखावण्याचा हेतू योग्यच आहे, पण कडीच्या ओरखड्यापर्यंत खरे राहणारा चित्रकार इथे खरेपणापासून बाजूला सरला, आणि आजोबांच्या देवाच्या खालून रोज ये-जा करत ख्रिस्ताला हाक मारणाऱ्या घराची अतिशय विशेष अशी गोष्ट चित्राबाहेर राहिली. हे मी त्यांना बोललो तेव्हा ते म्हणाले की चित्र भिंतीवर लागणार त्या घरातच पट्टी आहे, मग ती दोनदा कशाला हवी. उत्तर हजरजबाबी होते. पुरेसे होते की नाही हे मी अजून ठरवलेले नाही.

चेहऱ्याचा वाद अपेक्षेपेक्षा लवकर मिटला. भारतीय वर्णाचा ख्रिस्त आणि साडीतली मरिया रंगवणारे गोव्याचे आंजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) यांना त्यांच्याच समाजाचा रोष पत्करावा लागला होता. शांतिनिकेतनात शिकलेला हा चित्रकार पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून काम करीत राहिला. गुरुजींना हा इतिहास माहीत होता आणि सुनेची अटही. त्यांनी चेहरा सावळा केला पण ठेवण जुन्या छापील चित्राचीच राखली, खांद्यावर साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळांची काळी घोंगडी टाकली, मुकुटाला बाभळीचे पांढरे लांब काटे घेतले, आणि प्रभावळ वगळली. कंदील ठेवला, जरी मुलाने आता कंदील कोण वापरतो असे विचारले. त्याच्या काचेला एका अंगाने काजळी धरली आहे, त्यामुळे उजेड चेहऱ्यावर अर्धाच पडतो आणि उरलेला सगळा दाराच्या फळीवर. रात्रीचा काळा रंग त्यांनी नळीतून घेतला नाही, निळा अल्ट्रामरीन आणि तपकिरी बर्न्ट अंबर मिसळून केला. या निळ्याचे मूळ अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्दी दगडात आहे. युरोपात त्याने मरियेचे वस्त्र रंगले आणि जळगावपासून जवळ असलेल्या अजिंठ्याच्या भिंतींवरही तोच दगड वाटून वापरलेला आहे. गुरुजी हे शाळेतल्या मुलांना दर वर्षी सांगत.

दाराच्या कोणत्या बाजूला

खरा पेच यानंतर उभा राहिला. पंचकमिटीतील ज्येष्ठांनी एक मुद्दा मांडला जो धर्मशास्त्राच्या दृष्टीने बिनतोड होता. प्रकटीकरणातले ते वचन परराष्ट्रीयांना नाही, लावदिकीया येथील मंडळीला आहे, ना थंड ना ऊन अशा कोमट झालेल्या विश्वासणाऱ्यांना. दार त्यांचे बंद आहे. मग हे चित्र ओसरीवर लावून रस्त्याने जाणाऱ्यांना दाखवायचे म्हणजे आपले पत्र दुसऱ्याच्या पत्त्यावर टाकण्यासारखे झाले. मुलगा निरुत्तर झाला. ओसरीचा बेत रद्द झाला.

गुरुजींवर या मुद्द्याचा परिणाम अधिक खोल झाला. दार आपले असेल तर चित्र पाहणारा ख्रिस्ताशेजारी बाहेर कसा उभा, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी एक वेगळेच रेखाटन केले: घराच्या आतून दिसणारे दार, आडवा अडसर, अंधार, फळ्यांमधल्या फटीतून आणि उंबऱ्यावरून आत येणारी उजेडाची रेघ, त्या रेघेत दोन पावलांची सावली. ख्रिस्त कुठेही नाही. चित्र म्हणून ते बलवान आहे, पहिल्यापेक्षा अधिक, असे माझे मत आहे. ज्येष्ठांचा मूर्तीविषयीचा आक्षेपही त्याने सुटत होता, आणि ते त्यांनी मोकळेपणाने मान्य केले.

मायने ते नाकारले. तो दिसत नाही म्हणून नाकारते आहे असे आधी सगळ्यांना वाटले आणि मंडळीत त्यावर थोडे हसूही झाले. कारण निराळे होते आणि ते तिने सुनेजवळ बोलून दाखवले. तिचे यजमान भावाशी शेताच्या बांधावरून झालेल्या भांडणानंतर प्रार्थनेला येईनासे झाले होते आणि समेट न करताच वारले. ते जुने चित्र त्याच काळात तेव्हाच्या पाळकांनी घरी आणून दिले होते. इतकी वर्षे तिने त्या बंद दारामागे स्वतःला कधीच पाहिले नव्हते. आत यजमान होते. ती म्हणाली, “मी त्याना संगे बाहेर व्हतू.” ज्याची थाप ऐकली जात नव्हती त्याच्याबरोबर ती रोज संध्याकाळी बाहेर उभी राहत होती.

ज्येष्ठांचे वाचन वचनाला धरून आहे, गुरुजींचे रेखाटन त्या वाचनाला धरून आहे, आणि मायची श्रद्धा दोन्हींत बसत नाही. तरी तिची चूक दाखवता येत नाही, कारण दुसऱ्यासाठी केलेली मध्यस्थीची प्रार्थना ही तिला त्याच मंडळीने शिकवलेली गोष्ट आहे. तिने ती चित्रातल्या जागेवर नेऊन उभी केली, एवढेच. हंट यांनी आपण हे चित्र दैवी आज्ञेने केल्यासारखे वाटत होते असे पुढे सांगितले. चित्रकाराच्या अशा अनुभवाला किंमत आहे, पण चित्र भिंतीवर गेल्यावर त्याचा अर्थ जिच्या हाती पडला ती बाई त्या आज्ञेला बांधलेली नव्हती. गुरुजी स्वतःच्या श्रद्धेबद्दल फारसे बोलत नाहीत. चेहरा रंगवण्यापूर्वी प्रार्थना केली, एवढे त्यांनी सांगितले. मला त्यांची श्रद्धा जास्त दिसली ती त्यांनी आपले चांगले रेखाटन गुंडाळून ठेवले आणि बाहेरच्या बाजूचे चित्र पुन्हा हाती घेतले तेव्हा.

पूर्ण झालेल्या चित्रात मायच्या सांगण्यावरून एक बदल आहे. ख्रिस्ताच्या डाव्या बाजूला अंगणातली जागा मोकळी सोडली आहे, एक माणूस उभा राहील एवढी. तेथे कोणतीही आकृती नाही, फक्त कंदिलाचा उजेड जमिनीवर तिथपर्यंत पोहोचतो. बाहेरच्या माणसाला ही रचना जराशी एका बाजूला कललेली वाटेल, आणि रचनेच्या नियमांनी ती तशी आहेही.

सद्यःस्थिती

चित्र मधल्या खोलीत, धान्याच्या कणगीच्या वरच्या भिंतीवर लावले आहे. दिवाळीनंतर घरी आलेल्या चुलत जावेने त्यापुढे उदबत्ती लावली आणि मायने ती विझवली नाही, यावरून पंचकमिटीत पुन्हा बोलणे झाले. निर्णय काही झाला नाही. आतल्या बाजूचे रेखाटन ज्येष्ठांनी गुरुजींकडून मागून घेतले. ते त्यांच्या घरी आहे, पण भिंतीवर नाही, पवित्र शास्त्राच्या प्रतीखाली टेबलावर ठेवलेले आहे.

धुळ्यात देवपूर भागात फ्लॅट घेतलेल्या एका नातलग कुटुंबाने हेच चित्र आपल्यालाही हवे म्हणून विचारणा केली. गुरुजींनी नक्कल करून द्यायला नकार दिला आणि आधी तुमचे दार दाखवा असे कळवले. त्या दाराला लॅच आहे: बाहेरून मूठ नाही, फक्त किल्लीचे भोक, म्हणजे हंट यांच्याच दाराच्या जवळ जाणारे. पण त्यात आतून पाहायचे भिंगही आहे, शिवाय शेजारी बेल. बाहेर कोण उभे आहे हे आतल्याला आता दिसते आणि तरी दार बंद ठेवता येते. हे चित्र भिंगाच्या आतल्या बाजूने करावे की बाहेरच्या, यावर त्यांची कच्ची रेखाटने सध्या चालू आहेत, आणि त्या कुटुंबाला त्यांनी पहिला प्रश्न विचारला आहे तो संध्याकाळी घरात प्रार्थनेला कोण बसते हा.